कुंडीतली लठ्ठ कण्हेर आणि बांधावरली नेपती

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं अडेनियमची निघाली. मागच्या दोन-तीन वर्षांत लातूर-नांदेडपासून आष्टी-कड्यापर्यंत कुणाच्याही घरी जा, गॅलरीत एक फुगीर बुडाचं, गुलाबी फुलांचं झाड उभं असतंच. म्हणून बांधावरल्या नेपतीचं शेवटचं एक पत्र सोडलं तर बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकलले आहेत. हळद आणि शेवंतीवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, नमस्कार. मागच्या दिवाळीत साडेतीनशे रुपयांना अडेनियम आणलं. विकणारे म्हणाले, वाळवंटातलं झाड आहे, मरत नाही. मी शेतातली चांगली काळी माती आणून मोठ्या कुंडीत लावलं. उन्हाळाभर आठवड्यातून एकदाच पाणी दिलं. पावसाळ्यात तर मी हातानं थेंबभरही घातलं नाही. तरी आता बुडाशी दाबलं की बोट आत जातं आणि घाण वास येतो. पाणी कमी दिलं तरी कुजलं कसं? – एक वाचक भगिनी, परळी वैजनाथ

उत्तर : ताई, ‘शेतातली चांगली काळी माती’ हे चार शब्द वाचले आणि पुढचं पत्र न वाचताच झाडाचं काय झालं ते कळलं. राग मानू नका, माझं पहिलं अडेनियम मी अगदी अस्संच मारलं आहे. तेसुद्धा वनस्पतिशास्त्र शिकवायला लागून वीस वर्षं झाल्यावर. माहेरच्या रानातून गोणीभर माती आणली, वर शेणखत घातलं, आणि लेकरागत जपते आहे अशा थाटात रोज चौकशी केली. ऑगस्टमध्ये एका सकाळी झाड आपोआप आडवं झालं. उचललं तर खाली नुसता लगदा.

तुम्ही पाणी घातलं नाही, पण पावसानं घातलं. आपली काळी जमीन पाणी पिते, फुगते आणि धरून ठेवते. कपाशी-तुरीला ते बरं, त्यांची मुळं खोल जातात. कुंडीत खोल जायला जागाच नसते. वरून सुकलेली दिसते, आत आठ-आठ दिवस चिबडलेली. त्यात हे फुगीर बूड म्हणजे पाण्याची घागरच; ती आधीच भरलेली असते. भरलेल्या घागरीला चिखलात बसवलं तर काय होणार?

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. अडेनियम टेकड्यांच्या त्या सरकत्या वाळूत राहत नाही. त्याचं घर येमेन-ओमानच्या खडकाळ उतारांवर, सोमालिया, इथियोपिया, केनिया, टांझानियाच्या माळांवर आणि तिथून पश्चिमेला सहाराच्या खालच्या कडेनं पार सेनेगलपर्यंत. त्या कडेच्या पट्ट्याला साहेल म्हणतात. वर्षाला साधारण २०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो तिथं, आणि तोही दोन-तीन महिन्यांत. म्हणजे पाटोदा-आष्टीवाल्यांनी फार हळहळू नये, त्यांना हा हिशोब घरचाच वाटेल. खडकाच्या भेगेत मूठभर माती, त्यात मूळ. पाऊस येतो तेव्हा झाड भरभरून पितं, आणि उरलेलं पाणी तासाभरात उतारानं निघून जातं.

ओमानच्या दक्षिण टोकाला धोफार नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथेही हे झाड उगवतं. जून ते सप्टेंबर तिथं धुकं उतरतं, भुरभुर लागते, डोंगर हिरवे होतात. हे आणतात कोण, तर आपल्याकडं मृगाचा पाऊस आणणारेच नैऋत्येचे वारे. आणि तिथले लोक या हंगामाला काय म्हणतात? खरीफ! आपण खरीप पेरतो तो शब्द अरबीतूनच आला आहे. तेव्हा तुमच्या झाडाला पाऊस नवा नाही. नवी आहे ती काळी माती.

शेतकऱ्यांकडं यासाठी एक नेमका शब्द आहे, ‘वाफसा’. पेरणीआधी वडील मूठभर माती दाबून बघायचे. लाडू वळला आणि हातावर ओल लागली तर अजून दोन दिवस थांबा. लाडू वळून लगेच फुटला की वाफसा आला, तिफण जुंपा. ओल आहे आणि हवाही आहे, अशी ती अवस्था. अडेनियमला बारा महिने वाफसा लागतो. नर्सरीवाले ‘पाणी कमी द्या’ सांगतात ते अर्धंच. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर ते पानं टाकून बसेल, मरणार नाही. साचलं तर मरेल.

आता हातातल्या झाडाचं. मऊ झालं म्हणून लगेच फेकू नका, आधी ओळखा. तहानेनं मऊ पडलेलं बूड चहूबाजूंनी सारखं मऊ असतं, कातडीला सुरकुत्या असतात, माती कोरडी ठणठणीत. पाणी दिलं की चार-सहा दिवसांत परत टणक. कुजलेलं बूड एकाच बाजूनं मऊ, आत पाणी खेळल्यासारखं, वास येतो, आणि माती ओली. तुमचं दुसरं आहे. धारदार सुरी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घ्या, तपकिरी भाग कापत जा, प्रत्येक कापाआधी परत पुसा. पांढरा-हिरवट गर लागेपर्यंत थांबू नका. मग जखमेला बुरशीनाशकाची पूड लावा. घरात कॉपर ऑक्सिक्लोराइड असेलच, भाजीपाल्याचं. सावलीत, वाऱ्याला, आठ-दहा दिवस उघडं ठेवा. जखमेवर खपली धरली की लावा. सगळं बूडच गेलं असेल तर वरची निरोगी फांदी कापून, अशीच सुकवून लावता येते. ती जगेल, फुलेल, पण तिला तसं डेरेदार बूड सहसा येत नाही. ते बियांच्या झाडाचं भाग्य.

माती अशी करा : दोन पाट्या मुरूम किंवा विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक पाटी कोणतीही हलकी माती, ओंजळभर जुनं कुजलेलं शेणखत. मुरूम चाळून त्यातली पूड काढून टाका, नाही तर ती खाली बसून भोकं बुजवते. कुंडी पसरट आणि झाडाला जेमतेम बसेल एवढीच. मोठ्या कुंडीत मोठं झाड होतं हा आपला गोड गैरसमज आहे. मोठ्या कुंडीत मोठा चिखल होतो. पावसाळ्यात पत्र्याच्या पाघोळीखाली नव्हे, आत घ्या. पाघोळीखाली ठेवलेली झाडं मी किती बघितली!

आणि हिवाळ्यात पानं गळाली म्हणून घाबरून पाणी वाढवू नका. परभणीकडची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा दहाच्या खाली गेला की हे झाड झोपतं. पंधरा-वीस दिवसांनी कपभर पाणी खूप झालं.

एक आठवण सांगते, मग पुढच्या पत्राकडं जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलं. आम्ही ते हंड्यात बघितलं. भांडी घासलेलं पाणीसुद्धा जपून वापरायचो, तिथं झाडांना कुठलं? माझे गुलाब गेले, मोगरा गेला, चाळीस कुंड्यांतल्या सहा-सात उरल्या. त्यातली दोन अडेनियमची. दुसऱ्या वेळी मात्र मी मुरमात लावलं होतं. मे महिन्यात एक पान नाही, बूड वाळक्या रताळ्यासारखं, आणि शेंड्याला गुलाबी फुलांचा घोस. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘अगं माय, लाज कशी नाही वाटत याला, असल्या दिवसांत फुलायला!’

प्रश्न : सासूबाई म्हणतात, चीक गळणारं झाड दारात नको. त्यांचं म्हणणं मोडवत नाही आणि झाड टाकवत नाही. शिवाय याला ‘वाळवंटी गुलाब’ म्हणतात, मग याला गुलाबासारखं खत द्यायचं का? – एक वाचक भगिनी, सेलू

उत्तर : सासूबाईंचं थोडं ऐका. अपशकुनाचं मला ठाऊक नाही, पण हा चीक विषारी आहे हे खरं. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं त्यात असतात. पूर्व आफ्रिकेत, टांझानियातले हाडझा लोक या झाडाचा रस आटवून बाणाच्या टोकाला लावतात आणि शिकार करतात, यावरून काय ते समजा. छाटणी केली की हात साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका. रांगतं लेकरू असेल किंवा शेळी दारात बांधत असाल तर कुंडी उंचावर. एवढं केलंत तर झाडही राहील आणि सासूबाईही.

तसं बघितलं तर चिकाचं झाड आपल्या दारात नाही कुठं? कण्हेर, चाफा, सदाफुली, तगर, करवंद, बांधावरची रुई ही सगळी याच गोतातली. गुलाबाचा या गोताशी काडीचा संबंध नाही. ‘डेझर्ट रोझ’ हे नाव व्यापाराला बरं पडलं, म्हणून चिकटलं. गुलाबाचं खत देऊ नका. नत्र जास्त झालं की फांद्या लांबतात, फुलं रुसतात. जूनमध्ये एकदा आणि श्रावणात एकदा मूठभर गांडूळखत, बास.

ज्यानं याला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिलं त्याची नजर मात्र अचूक होती. पीटर फोर्सकोल नावाचा तरुण, झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसचा शिष्य. १७६१ च्या जानेवारीत कोपनहेगनहून डेन्मार्कच्या राजाच्या खर्चानं सहा माणसं अरबस्तानाकडं निघाली, त्यांत हा. येमेनच्या डोंगरांत त्याला हे झाड भेटलं. त्यानं त्याला कण्हेरीच्या कुळात, ‘नेरियम’मध्ये घातलं आणि पुढं शब्द जोडला ‘ओबेसम’. म्हणजे लठ्ठ कण्हेर! माझ्या मते ‘वाळवंटी गुलाब’पेक्षा हे नाव शंभर पटींनी खरं. पुढं १८१९ मध्ये याचं वेगळं घराणं मानून ‘अडेनियम’ केलं, एडन बंदरावरून. ‘ओबेसम’ तेवढं टिकलं.

फोर्सकोलनं हे नाव छापलेलं पाहिलं नाही. १७६३ च्या जुलैमध्ये येमेनमधल्या यरीम गावी मलेरियानं गेला, वय अवघं ३१. सहांतला एक त्याच्या आधी गेला होता, दोघं येमेनहून निघाल्यावर समुद्रात गेले. उरलेले दोघं सप्टेंबरात आपल्या मुंबईला उतरले. त्यांतला डॉक्टर मुंबईतच वारला. उरला एकटा कार्स्टन नीबूर, मोजणीदार माणूस. तो मुंबईत वर्षभराहून जास्त राहिला, घारापुरीची लेणी मोजून त्यांची चित्रं काढली, आणि मग समुद्रानं इराण गाठून पुढं खुश्कीच्या मार्गानं इराक करत घरी गेला. मित्राची टिपणं त्यानंच १७७५ साली छापून आणली. म्हणजे तुमच्या कुंडीतल्या झाडाची जन्मकुंडली सांभाळणारा माणूस घारापुरीच्या पायऱ्या चढून गेला आहे. हे सासूबाईंना सांगा, त्यांना आवडेल.

प्रश्न : पानं एका रात्रीत फस्त. विष्ठा मोठी, कीड दिसत नाही. काय मारू? – एक वाचक, वसमत

उत्तर : काही मारू नका. संध्याकाळी बॅटरी घेऊन पानांच्या खालच्या बाजूला बघा. बोटाएवढा हिरवागार सुरवंट, डोक्याच्या मागं दोन निळसर डोळ्यांसारखे ठिपके, शेपटाला बारकं शिंग. कण्हेरीवर आणि तगरीवर येतो तोच. चिमट्यानं उचलून बांधावरच्या कण्हेरीवर नेऊन सोडा. त्याचा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा होतो, एकदा बघाच. पानं महिन्याभरात परत येतात.

(तुमच्याच पत्रातला दुसरा प्रश्न : शेंगा जोडीनं येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. पिकण्याआधी त्यांना सैल दोरा गुंडाळा. फुटल्या की बी उडतं, कारण प्रत्येक बीला दोन्ही टोकांना रेशमी झुपका असतो. ताजं बी आठवडाभरात उगवतं.)

प्रश्न : बाई, तुम्ही शहरातल्या कुंड्यांचंच लई लिहिता. आमच्या बांधाला नेपतीचं झुडूप हाय, आज्याच्या काळापासून. पान नाही, सावली नाही, नुसते काटे. थोरला म्हणतो जेसीबी आणून बांध साफ करू, दोन तासं (नांगराच्या ओळी) वाढतील. चैतात लाल फुलं येतात तेवढीच. ठेवावं का काढावं? – एक शेतकरी, पाटोदा तालुका

उत्तर : मामा, तुमचं पत्र आलं आणि मला आज हे सदर लिहिताना हसूच आलं. वर ज्या फोर्सकोलची कथा सांगितली ना, त्याच प्रवासात, त्याच अरबस्तानात, त्यानं तुमच्या नेपतीलाही नाव दिलं. ‘सोदादा’. तिथले लोक तिला सोदाद म्हणायचे, त्यावरून. १७७५ च्या त्याच ग्रंथात दोघी आहेत. १८६२ मध्ये एजवर्थ नावाच्या, पंजाबात अधिकारी राहिलेल्या साहेबानं तिला ‘कॅपॅरिस’च्या घराण्यात आणलं. एक बहीण साडेतीनशे रुपयांना विकली जाते, दुसरीवर जेसीबी. (बहीण आपली बोलायला. गोत निराळं, नेपतीला चीक नाही.)

संस्कृतात हिला करीर म्हणतात. वसंतातही पान फुटत नाही म्हणून जुन्या कवींनी हिला टोमणे मारून ठेवले आहेत. पान नाही ही गोष्ट खरं तर बघण्यासारखी आहे. कोवळ्या फांदीला बारीक पानं येतात आणि लगेच गळतात. पानातून पाणी उडतं, तर पानच नको! मग अन्न कोण करतं? ती हिरवी काडी. नखानं खरवडून बघा. मूळ मात्र कुठल्या कुठं खोल गेलेलं असतं, म्हणून चैत्रात सगळं रान करपलेलं असताना हिला विटकरी लाल फुलं येतात, त्यांवर मधमाश्या तुटून पडतात. मग गुलाबी-लाल फळं, ती बुलबुलांची. पांढऱ्या पंखांना काळ्या रेघा असलेली फुलपाखरं तिच्याभोवती घिरट्या घालताना दिसतील. त्यांच्या अळ्या या कोवळ्या काड्यांवरच वाढतात.

तुम्ही म्हणाल, आमचा बांध काय वाळवंट आहे का? पाऊस मोजला तर नाही. पण झाड पर्जन्यमापक बघत नाही, जमीन बघतं. बालाघाटाच्या उतारावर वीतभर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या दगड. पाणी थांबतच नाही. ऊन चाळीस-बेचाळीस. नेपतीच्या मुळाला हे येमेनसारखंच लागतं. आफ्रिकेतल्या मॉरिटानियापासून अरबस्तान, इराण, सिंध, मारवाड, कच्छ असा हिचा पट्टा आहे आणि त्याचं दक्षिणेकडचं एक टोक आपल्या दख्खनच्या माळांवर येतं. काळ्या भारी रानात तुम्हाला ती सहसा दिसायची नाही. कुठली जमीन हलकी ते नेपतीला विचारावं.

उपयोगाचं विचारलंत. मारवाडात हिच्या हिरव्या फळांना केर म्हणतात, केर-सांगरीची (सांगरी म्हणजे शमीच्या शेंगा) भाजी लग्नाच्या पंगतीत असते आणि बाजारात वाळलेला केर चांगल्या भावानं जातो. माझी आजी कच्ची फळं मिठाच्या पाण्यात तीन-चार दिवस ठेवायची, रोज पाणी बदलायची, कडवटपणा गेला की मोहरी-हळद-तेलात लोणचं. बाजरीच्या भाकरीबरोबर. मला लहानपणी अजिबात आवडायचं नाही, आता मिळत नाही म्हणून आवडतं. लाकूड टणक, वाळवी लागत नाही. आणि बांध धरून ठेवायला यापेक्षा चिवट मुळं शोधून सापडणार नाहीत. ते उपटलं तर पहिल्या वळवात तुमचा बांध दोन तासांऐवजी चार तासं घेऊन खाली जाईल.

थोरल्याला वाटलंच तर झुडूप हलवून दुसरीकडं लावू, असं तो म्हणेल. नका करू. हिचं मुख्य मूळ इतकं खोल असतं की खोदताना तुटतंच, आणि वरचं झुडूप वाळतं. लावायचीच असेल तर आषाढाच्या आसपास पिकलेल्या फळांतलं ताजं बी काढून लगेच, जागेवरच, पाचराटाखाली टाका. मुळांपासून आपोआप फुटवेही येतात, त्यांतला एखादा मूळ धरून काढता येतो. वाढ फार हळू. तुमच्या आजोबांच्या काळातलं झुडूप एवढंसंच दिसत असेल, ते त्यामुळं.

तासाचा हिशोब थोरल्यानं करू नये असं मी म्हणत नाही. झुडपाचा घेर वावरात आला असेल तर कोयत्यानं आतल्या बाजूच्या काड्या छाटा, फाल्गुनाच्या आत. नंतर छाटाल तर फुलं जातील. बांधाकडची बाजू राहू द्या.

तुम्ही जेसीबी कधी येणार ते लिहिलं नाही. हा अंक तुमच्या हातात पडायला अजून पंधरा-वीस दिवस लागतील, म्हणून यातलंच थोडक्यात लिहून काल एक पोस्टकार्ड टाकलं आहे. थोरल्यालाही वाचून दाखवा.